छोट्या पक्षांनी एकत्र यावं का? यावं, पण जागा बघून

आमच्या सुदामानगरच्या गणेशोत्सवात निवडणुकांवर बोलून झालं. शेवटच्या पाच मिनिटांत कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने उठून विचारलं, "काका, आपल्या मध्य प्रदेशात कमळ नाहीतर पंजा, तिसरं काही दिसतच नाही. हे सगळे छोटे पक्ष एकदा मिळून का लढत नाहीत? लढायला हवं की नको?" तेवढ्यात आरतीची वेळ झाली आणि उत्तर राहून गेलं. त्याला म्हटलं होतं, लिहून देतो. तेच हे.

तीसेक वर्षं मी इंदुरात छोट्या पक्षांच्या निवडणुकांचं काम केलं. पर्चे, म्हणजे उमेदवारी अर्ज, भरायचे, मतदार याद्या तपासायच्या, पोलिंग एजंट बसवायचे, मोजणीला टेबलावर बसायचं. भाषण करणारा मी कधीच नव्हतो. त्यामुळे जे सांगतो ते मंचावरून दिसलेलं नाही, केंद्रावरून दिसलेलं आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. एकत्र यायला हवं. पण राज्यभर जागा वाटून घेऊन नव्हे, आणि विलीन होऊन तर मुळीच नव्हे. जिथे त्यांच्यातल्या एकाचे पाय आधीपासून जमिनीवर आहेत अशा मोजक्या जागा निवडाव्यात आणि बाकीच्यांनी तिथे मनापासून मागे सरावं. हे ऐकायला किरकोळ वाटतं. माझ्या अनुभवात याहून अवघड गोष्ट छोट्या पक्षांच्या राजकारणात दुसरी नाही.

मोह कुठून सुरू होतो ते आधी बघ. २००८ च्या विधानसभेत भाजपला ३७.६ टक्के आणि काँग्रेसला ३२.४ टक्के मतं होती. म्हणजे जवळजवळ ३० टक्के मतं या दोघांच्या बाहेर पडली होती. तीस टक्के! आणि २३० पैकी जागा किती? १६. बसपाच्या ७, उमा भारतींच्या भारतीय जनशक्तीच्या ५, सपाची १ आणि ३ अपक्ष. तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाने कागद-पेन घेऊन तीच बेरीज केली होती: हे सगळे एका बाजूला असते तर काँग्रेसच्या बरोबरीला आलो असतो.

पण त्या तीस टक्क्यांत कोण होतं? बसपाचा मतदार मुख्यतः चंबळ आणि विंध्यचा, दलित वस्तीतला. जनशक्तीचा मतदार भाजपवर रुसून बाहेर पडलेला, आणि तो पक्ष २०११ मध्ये भाजपमध्ये परतलाही. महाकौशलातला गोंडवाना गणतंत्र पार्टीचा आदिवासी मतदार वेगळाच, आणि अपक्षांची मतं ज्याच्या त्याच्या गावाची आणि जातीची. यांना दोन मोठे पक्ष नको होते, एवढंच साम्य. नको असण्यावर मतदार एका निशाणाखाली येत नाही. तो आपल्या माणसाला मत देतो, आणि आपला माणूस मशीनवर नसला तर बहुतेक वेळा दोन मोठ्यांपैकी जो कमी नावडता असेल त्याच्याकडे जातो.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी इंदुरातल्या मिल भागातल्या एका जागेवर आमच्या पक्षाची दुसऱ्या एका छोट्या पक्षाशी युती झाली. दोन्ही पक्षांची नावं घेत नाही. जागा आम्हाला सुटली, आणि त्यांनी ११० केंद्रांवर एजंट द्यायचं ठरलं. एजंट म्हणजे काय ते मतदाराला ठाऊक नसतं. मतदान सुरू होण्यापूर्वी मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतो, मशीन शून्यावर आहे हे दाखवतात, कागदी सील लावून त्यावर सह्या घेतात. त्या वेळी तिथे आपला माणूस हवा. दिवसभर यादीवर खूण करत बसायला हवा. संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून १७-सी फॉर्मची प्रत त्याने सही करून घ्यायला हवी, त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली ते असतं. मोजणीच्या दिवशी तो कागद हाती नसला तर तुम्ही आंधळे. त्या सकाळी ११० पैकी १९ जण आले. बाकीचे घरी झोपले होते असं नाही. त्यांच्या पक्षाचा उमेदवार नव्हता, म्हणून त्यांना ही निवडणूक आपली वाटलीच नाही.

दुपारी एका केंद्राबाहेर एक मराठी आजी भेटल्या. नवरा मिलमध्ये होता, मिल बंद होऊन वर्षं लोटली होती. मत देऊन बाहेर आल्या आणि माझ्याशी रागाने बोलल्या, "आमचं निशाण कुठे गेलं रे? तीस वर्षं तेच दाबलं. आज मशीनवर नव्हतंच." मी सांगितलं, आजी, यंदा आपण मिळून लढतोय, आमचं निशाण तुमचंच. त्या म्हणाल्या, "मला कोणी येऊन सांगितलं का?" खरंच कोणी सांगितलं नव्हतं. युतीची बातमी पेपरात होती, दोन नेत्यांनी एकमेकांना हार घातल्याचा फोटो होता. त्या गल्लीत मात्र कोणी गेलं नव्हतं. त्या केंद्रावर आधीच्या निवडणुकीत त्या पक्षाला १४० मतं होती आणि आम्हाला ३५. बेरीज १७५. मोजणीत निघाली ४८.

तेव्हापासून मी युतीची बेरीज कागदावर करत नाही.

आता कायदा. तू कायद्याचा विद्यार्थी आहेस, म्हणून यावर थोडा थांबतो, कारण युत्या मोडण्याचं खरं कारण पुष्कळदा इथे असतं आणि लोक नेत्यांच्या अहंकाराला दोष देतात. १९६८ चा निवडणूक चिन्हांचा आदेश उघडून बघ. राज्य पक्ष म्हणून मान्यता हवी असेल तर विधानसभेत ६ टक्के वैध मतं आणि २ आमदार लागतात, किंवा एकूण जागांच्या ३ टक्के जागा, म्हणजे आपल्याकडे साताच्या आसपास, किंवा आमदार एकही नसला तरी ८ टक्के मतं. ही टक्केवारी अख्ख्या राज्याच्या मतांवर मोजतात आणि ती पक्षाची असते, युतीची नसते. म्हणजे तू मित्रपक्षासाठी ५० जागा सोडल्यास तर त्या ५० जागांवरची तुझी मतं शून्य. मान्यता गेली की राखीव निशाणावरचा पक्का हक्क जातो, अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या एका सूचकाऐवजी दहा सूचक लागतात. छोट्या पक्षाचं सगळं भांडवल ते एक निशाण असतं. वर सांगितलेल्या आजींना उमेदवाराचं नाव माहीत नव्हतं, निशाण माहीत होतं. त्यामुळे जागा सोडणं हे छोट्या पक्षासाठी मोठ्या मनाचा नाही, जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. जो नेता जागा सोडायला तयार होत नाही त्याला लगेच स्वार्थी म्हणू नये, त्याची टक्केवारी आधी विचारावी.

२०२३ चं उदाहरण ताजं आहे. बसपा आणि गोंडवाना गणतंत्र पार्टी यांनी राज्यभर युती केली. जाहीर वाटणी १७८ आणि ५२. कागदावर फार सुंदर: एकाची ताकद उत्तरेला नि विंध्यात, दुसऱ्याची महाकौशलात, एकमेकांच्या पायात पाय नाही. निकाल? मध्य प्रदेशात दोघांनाही एक जागा नाही. बसपाची मतं २०१८ च्या ५ टक्क्यांवरून ३.४ वर आली. सगळी घसरण युतीमुळे झाली असं मी म्हणणार नाही, ती त्याआधीच सुरू होती. पण युतीने ती थांबली नाही. आणि हेच कारण मला महत्त्वाचं वाटतं: पाय एकमेकांत अडकत नव्हते म्हणजेच एकाच्या गावात दुसऱ्याचा माणूस नव्हता. मंडला-डिंडोरीतल्या गोंड शेतकऱ्याला हत्तीची ओढ कशी लागणार, आणि मुरैनातल्या बसपा कार्यकर्त्याला गोंडवानाच्या करवतीच्या निशाणाशी काय घेणं? दोन बेटांची बेरीज करून जमीन होत नाही.

त्याच निवडणुकीत तिसऱ्या बाजूची फक्त एक जागा आली, आणि ती युतीत नसलेल्या पक्षाची. रतलाम जिल्ह्यातलं सैलाना. भारत आदिवासी पार्टी निवडणुकीच्या जेमतेम दोन-अडीच महिने आधी स्थापन झालेली. उमेदवार कमलेश्वर डोडियार, काँग्रेसच्या आमदाराला ४,६१८ मतांनी हरवून आले. लोकांना त्यांची मोटारसायकलवरून भोपाळला गेल्याची बातमी आठवते. मला दुसरी गोष्ट आठवते: २०१८ ला तेच तिथून अपक्ष लढून हरले होते. पक्ष नवा होता, माणूस आणि त्याची वस्त्यांमधली ये-जा जुनी होती. हरल्यावर जो तिथेच राहतो त्याच्यामागे बाकीच्यांनी उभं राहावं, असं मी म्हणतो ते यावरून.

विलीनीकरणाबद्दल मी "मुळीच नाही" म्हणालो, त्याचा इंदूरशी फार जवळचा संबंध आहे. या शहरात एक काळ असा होता की तिसरी बाजू खरोखर होती. १९६२ मध्ये होमी दाजी इथून लोकसभेत गेले, अपक्ष म्हणून, कम्युनिस्ट पक्षाच्या बळावर. पारशी माणूस. इंदुरात त्यांच्या समाजाची मतं मोजून किती असणार? त्यांना निवडून दिलं मिलच्या कामगारांनी, आणि त्या कामगारांत मराठी कुटुंबं पुष्कळ होती. त्याआधी १९५७ ला आणि नंतर १९७२ ला ते आमदारही झाले. समाजवाद्यांचाही इथे जोर होता. १९७७ ला कल्याण जैन जनता पक्षाकडून खासदार झाले, ते समाजवादी परंपरेतलेच.

पण त्या जनता पक्षातच समाजवादी हरवले. चार-पाच पक्ष विरघळून एक झाला, तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेत ३२० पैकी २३० जागा जिंकल्या, आणि पावणेतीन वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले: कैलाश जोशी, वीरेंद्रकुमार सखलेचा, सुंदरलाल पटवा. तिघेही मूळचे जनसंघाचे. यात कोणी कोणाला फसवलं असं मी मानत नाही. ज्याची गावोगाव बांधणी पक्की, त्याच्या हाती एकत्र आलेला पक्ष जाणारच. १९८० ला जनसंघाची माणसं आपली बांधणी घेऊन बाहेर पडली आणि भाजप झाली. समाजवाद्यांकडे परत जायला घर उरलं नव्हतं, ते त्यांनी १९७७ लाच मोडलं होतं. इंदुरातली तिसरी जागा त्यानंतर हळूहळू रिकामी झाली; मिल बंद पडल्यावर तर कामगार संघटनाही गेली. १९८९ पासून सुमित्राताई महाजन सलग आठ वेळा निवडून आल्या तो काळ सुरू झाला, आणि त्यात सामना भाजप विरुद्ध काँग्रेस असाच राहिला.

मराठी घरांत अशा वेळी कोणीतरी संयुक्त महाराष्ट्र समितीचं नाव काढतंच. आमच्याकडे वडील काढायचे. १९५७ ला समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघसुद्धा, सगळे एका समितीत आणि काँग्रेसला घाम फोडला. खरं आहे. पण तिथे मागणी एकच होती, ती घराघरात पोचलेली होती, आणि पक्ष विलीन झाले नव्हते. १९६० ला राज्य मिळालं आणि समिती विस्कटली. विस्कटली तर विस्कटली. काम झालं होतं. युतीने कायम टिकावं ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. कशासाठी आणि कुठपर्यंत, हे आधी लिहून ठेवलेलं असलं म्हणजे पुरे.

तुला वाटेल, मोठ्यांपैकी एकजण मैदानातून गेला तर जागा आपोआप तिसऱ्याला मिळेल. तेही आपल्या शहराने २०२४ मध्ये करून पाहिलं. लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला. १४ उमेदवार उरले. काँग्रेसने मशीनवरचं नोटाचं, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही'चं, बटण दाबायला सांगितलं. भाजपच्या शंकर लालवानींना १२,२६,७५१ मतं पडली, नोटाला २,१८,६७४, आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या बसपाच्या उमेदवाराला ५१,६५९. विचार कर, दोन लाख अठरा हजार माणसं उन्हात रांगेत उभी राहिली, कोणीच नको असं सांगायला. समोर १३ पर्याय होते. त्यातल्या एकाकडेही ती गेली नाहीत, आणि तेराही जणांची अनामत जप्त झाली. या आकड्यावर मी फार दिवस अस्वस्थ होतो, अजूनही आहे. ती माणसं आमच्याकडे का आली नाहीत? कारण आम्ही त्यांच्या गल्लीत पाच वर्षं दिसलो नव्हतो, आणि उरलेल्या पंधरा दिवसांत तेरांपैकी कोणामागे एक व्हायचं हे ठरवायला आमच्याकडे बसण्याची जागाच नव्हती. मी तेव्हा चार ठिकाणी फोन केले. प्रत्येकाचं म्हणणं एकच: आमच्या मागे या.

म्हणून आता करायचं काय. पद्धत बदला, टक्केवारीप्रमाणे जागा द्या, असं म्हणणारे आहेत. मलाही ते पटतं, पण ज्यांच्या हातात तो बदल आहे त्यांना त्याची गरज नाही, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही.

आधी जागा निवडायच्या. मागच्या निवडणुकीत आपल्यापैकी कोणी दुसऱ्या क्रमांकावर होतं किंवा पाचातलं एक मत मिळवलं होतं अशाच. राज्यात त्या दहा-पंधरा निघतील, जास्त नाही. बाकी सगळीकडे ज्याने त्याने आपापल्या निशाणावर लढावं आणि आपली टक्केवारी राखावी, त्यावर रुसवे धरू नयेत. निवडलेल्या जागांवर मात्र मागे सरणं म्हणजे अर्ज प्रत्यक्ष मागे घेणं. पाठिंब्याचं पत्रक काढून उपयोग नाही. २०२४ च्या लोकसभेला शेजारच्या राजस्थानातल्या बांसवाड्यात काँग्रेसने भारत आदिवासी पार्टीच्या राजकुमार रोतांना पाठिंबा जाहीर केला, पण काँग्रेसच्याच उमेदवाराने अर्ज मागे घेतला नाही. पंजा मशीनवर तसाच राहिला आणि हजारो लोकांनी तो दाबला. रोत तरीही मोठ्या फरकाने जिंकले, कारण त्यांची स्वतःची जमीन पक्की होती. ज्याची नसते तो अशा वेळी बुडतो.

कागदाचं काम एकत्र करावं, हे तर उद्यापासून करता येईल. त्याच निवडणुकीत खजुराहोची जागा काँग्रेसने सपाला सोडली, आणि सपाच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला: एका ठिकाणी सही नव्हती आणि मतदार यादीची प्रत जुनी होती, असं कारण दिलं गेलं. अख्ख्या आघाडीची एक जागा एका सहीवर गेली. प्रत्येक छोट्या पक्षाने वेगळा वकील शोधायचा, त्याने आदल्या रात्री फॉर्म भरायचा, ही पद्धत मी तीस वर्षं बघतोय. पाच पक्षांनी मिळून चार जाणती माणसं ठेवली, प्रत्येक जागेवर मुख्य आणि पर्यायी अशा दोन उमेदवारांचे अर्ज भरून घेतले, नवीन यादीच्या प्रमाणित प्रती काढून ठेवल्या, तर युती न करताही सगळ्यांचं भलं होईल.

आणि एजंट. ज्या पक्षाने जागा सोडली त्याच्या कार्यकर्त्यांना निवडणुकीच्या महिनाभर आधी एजंटचं पत्र देऊन चालत नाही. सहा-आठ महिने आधीपासून केंद्रावर दोन्हीकडची माणसं एकत्र यादी तपासत फिरायला हवीत: कोण वारलं, कोण राहायला गेलं, कोणाचं नाव कटलं. नाव परत लावून दिलेला मतदार तुम्हाला विसरत नाही, निशाण बदललं तरी. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात पक्की खात्री आहे.

सुरुवात विधानसभेपासून करू नये. इंदूर महापालिकेचे ८५ वॉर्ड आहेत. एका वॉर्डात केंद्रं मोजकीच असतात, तेवढी माणसं जमवता येतात. २०२२ मध्ये सिंगरौलीत आम आदमी पार्टीचा महापौर झाला, राज्यात त्या पक्षाला बाकी फारसं कोणी ओळखत नसताना. आपल्याकडची मागची महापालिका निवडणूकही २०२२ चीच, म्हणजे पुढची फार लांब नाही.

तू ज्या वॉर्डात राहतोस त्याचे २०२२ चे केंद्रवार आकडे माझ्याकडे वहीत उतरवलेले आहेत. तीन केंद्रांवर दोन छोट्या पक्षांची आणि एका अपक्षाची मतं मिळून दुसऱ्या क्रमांकाच्या पुढे जातात. ती बेरीज खरी आहे की माझ्या १७५ सारखी, हे घरोघर जाऊनच कळेल. रविवारी सकाळी ये, यादीची प्रत काढून ठेवतो. चप्पल चालायची घालून ये.